रूकवुड मृत्पात्री

अमेरिकेतील सिनसिनाटी येथे मरिया लाँगवर्थ निकल्स यांनी १८८० मध्ये सुरू केलेल्या कारखान्याची, संग्राहकप्रिय कलात्मक भांडी. नग पारखायचा तो बुडाकडून. १८८६ पासून तेथे उलटा ‘आर’ व ‘पी’ पाठीला पाठ लावलेला ठसा आढळतो. १८८७ पासून त्याभोवती दरवर्षी एक ज्योत वाढत जाऊन १९०० मध्ये १४ झाल्या. पुढे ठशाखाली रोमन अंकांत साल येऊ लागले. इतकी सोयीची कालगणना क्वचितच मिळते. घासून कोरलेली ‘एक्स’ खूण असल्यास तो नग बहुधा कारखान्यानेच दुय्यम ठरवलेला असतो. झिलईतील केसाएवढ्या भेगा जुन्या नगांत नेहमीच्याच. मात्र अशी भांडी भिजत ठेवू नयेत, पाणी आत मुरून डाग धरतात. उचलताना मान किंवा कान न धरता एक हात बुडाखाली द्यावा.