काटा तं अर्ध्यावरच होता

मंडळी, या शनिवारचा विषय धुराचा आहे. सिगारेटच्या नाही, डिझेलच्या.

मे २००३. माझे काका वाशीमला राहतात, तेव्हा त्यांचा एक ट्रक होता. सेकंडहँड, पण टर्बोवाला, आणि त्या 'टर्बो' शब्दाचा काकांना कोण अभिमान! खरीपाच्या आधी अकोल्याहून खताच्या गोण्या भरून आणायच्या हे त्याचं ठरलेलं काम. वाशीम अकोल्याहून दोनशे-अडीचशे मीटर उंचावर आहे आणि ही सगळी चढण मुख्यतः पातूरच्या घाटात येते. त्या घाटात भर दुपारी ट्रक बसला. इंजिन उघडलं तर एक पिस्टन वरून वितळलेला, मेणबत्तीसारखा. ड्रायव्हरला आम्ही मुलं मामा म्हणायचो. अंगणात उभे राहून ते एकच वाक्य पुन्हा पुन्हा सांगत होते, "मालक, गाडी तापली नोती जी. काटा तं अर्ध्यावरच होता."

काकांना ते खरं वाटलं नाही. पिस्टन वितळतो आणि गाडी तापत नाही? मामांची नोकरी गेली.

मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो (कॉम्प्युटरच्या, त्यामुळे घरात माझं मत कुणी विचारलं नाही, आणि ते बरंच झालं). मामा खरं बोलत होते हे कळायला मला पंधराएक वर्षं लागली. काटा अर्ध्यावरच असणार. तो पाण्याचा काटा होता. पिस्टन मात्र ज्या आगीत वितळला, तिच्यासाठी त्या डॅशबोर्डवर काटाच नव्हता.

थोडं मागे जाऊ. आल्फ्रेड ब्युखी नावाचा स्विस इंजिनिअर होता. इंजिनात जाळलेल्या इंधनाची बरीचशी ताकद धुरातून हवेत निघून जाते, हे त्याच्या डोक्यात बसलं. १९०५ साली त्याने पेटंट घेतलं : त्या धुरावर एक पंखा फिरवायचा, आणि त्याच दांड्यावर बसवलेल्या दुसऱ्या पंख्याने इंजिनात जास्त हवा कोंबायची. जास्त हवा म्हणजे जास्त डिझेल जाळता येतं, म्हणजे जास्त ताकद. कागदावर फक्कड! पण लाल होणारा धातू त्या वेगाने फिरत ठेवायचा कसा, यात वीस वर्षं गेली. १९२० च्या दशकाच्या मध्यावर 'प्रॉयसेन' आणि 'हान्झेश्टाट डान्झिग' या दोन जर्मन जहाजांवर हा प्रकार चालला. १७५० अश्वशक्तीची इंजिनं २५०० देऊ लागली.

जहाजांनी या धुराचं तापमान गंभीरपणे घेतलं. प्रत्येक सिलिंडरच्या एक्झॉस्टला तापमापक, आणि पाळीवरच्या माणसाने ते आकडे वहीत उतरवायचे. पाच सिलिंडर सारखे आणि सहावा चाळीस अंशांनी वर दिसला, की त्याच्या इंजेक्टरकडे बघायचं. आमच्या धंद्यात याला लॉग म्हणतात, आणि लॉग नसेल तर रात्री तीनला सर्व्हर पडल्यावर काय होतं हे हापिसातल्या लोकांना सांगायला नको. ज्याच्या हातात शेवटी कीबोर्ड होता, त्याच्या नावावर बिल फाटतं.

मोजायची युक्ती तर टर्बोहूनही जुनी. १८२१ साली बर्लिनमध्ये झेबेकने दोन वेगळ्या धातूंच्या पट्ट्या टोकांना जोडल्या, एक सांधा तापवला आणि शेजारची होकायंत्राची सुई हलली. हा चुंबकत्वाचाच प्रकार आहे असं तो समजला. होती ती वीज. पुढे १९०६ च्या सुमारास अमेरिकेत अल्बर्ट मार्शने निकेल-क्रोमियमचे मिश्रधातू शोधले, आणि त्यांतूनच आज सगळीकडे वापरतात तो 'के' प्रकारचा थर्मोकपल आला. अंशामागे साधारण ४१ मायक्रोव्होल्ट. सातशे अंशांना कसेबसे २९ मिलिव्होल्ट. एवढ्या चिमूटभर विजेवर पायरोमीटरचा काटा हलतो. ना बॅटरी लागते, ना काही.

मग आपल्याकडे ट्रकच्या डॅशबोर्डवर तो का आला नाही? मला वाटतं, आपली डिझेलची पहिली पिढी बिनटर्बोची होती म्हणून. टेल्कोने डायम्लर-बेन्झबरोबर १९५४ साली ट्रक बनवायला सुरुवात केली. त्या इंजिनांना हवा मिळायची ती पिस्टन ओढेल तेवढीच. डिझेल जास्त झालं की काळा धूर, आणि ड्रायव्हर आरशात बघून पाय सैल करणार. धूर हाच पायरोमीटर. काळा म्हणजे डिझेल जास्त, निळा म्हणजे ऑइल जळतंय, हे मेकॅनिकच्या हाताखालचा पोरगाही सांगायचा.

टर्बो आपल्याकडे आधी आला तो रेल्वेत. वाशीमच्या माणसाने तो खूप आधी ऐकलाय, फक्त नाव माहीत नव्हतं. अकोला-पूर्णा लाइन २००८ मध्ये ब्रॉडगेज झाली; त्याआधी मीटरगेजवर मीनाक्षी एक्सप्रेस यायची. तिच्या पुढचं वायडीएम-४ इंजिन म्हणजे अमेरिकेच्या अल्को कंपनीचं डिझाइन : सहा सिलिंडर, १३५० अश्वशक्ती आणि टर्बो. १९६८ पासून ती वाराणसीला बनू लागली. स्टेशनातून गाडी सुटताना जो काळाकुट्ट लोट उठायचा, त्याचं कारण हेच. ड्रायव्हर नॉच वाढवतो, डिझेल लगेच येतं, पण टर्बोला वेग घ्यायला काही सेकंद लागतात. तोवर हवा कमी. मग शीळ चढत जायची आणि धूर विरळ व्हायचा. लहानपणी आम्हाला ती शीळ म्हणजे इंजिनाचा दमा वाटायचा.

रस्त्यावर टर्बो सर्रास दिसू लागला तो नव्वदच्या दशकात. पण धूर बघून गाडी हाकायची सवय जुन्याच गाड्यांची राहिली. इथे खरी गोम आहे. पेट्रोल इंजिनात इंधन कमी पडलं की तापमान वाढू शकतं, डिझेलमध्ये जेवढं इंधन जास्त तेवढी आग जास्त. टर्बोच्या आधी मोजलेलं एक्झॉस्ट सातशे अंशांच्या वर बराच वेळ राहिलं तर काळजी करावी, असा साधारण ठोकताळा आहे. शुद्ध ॲल्युमिनियम ६६० ला वितळतं, पिस्टनचा मिश्रधातू त्याच्याही आधी मऊ पडतो. तरी पिस्टन टिकतो, कारण खालून ऑइल आणि बाजूने पाणी त्याची उष्णता ओढून नेत असतं. पाणी हे सगळं फार सावकाश सांगतं. थर्मोस्टॅट त्याला जागेवर धरून ठेवतो. एक्झॉस्ट काही सेकंदांत दोनशे अंश चढून येतं, तेव्हा पाण्याचा काटा अर्ध्यावर निवांत बसलेला असतो.

आणि आमच्या ट्रकचा पंप 'वाढवलेला' होता. अकोल्यात एका पंपवाल्याकडे, काकांच्याच सांगण्यावरून, भरलेली गाडी घाटात मरते म्हणून. हा भाग त्या दिवशी अंगणात कुणी काढला नाही. मामांनीही नाही.

अर्थात वकिली एकतर्फी नको. वरच्या गिअरमध्ये, कमी आरपीएमवर गाडी रेटली तरी हवा कमी पडून एक्झॉस्ट असंच भडकतं. मामांनी ते केलंच नसेल असं मी छातीठोक सांगू शकत नाही. पंप, गिअर, ४४ अंशांची दुपार, गोण्यांचं वजन... कशाचा किती वाटा, हे सांगणारी वहीच नव्हती.

आता गंमत बघा. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि डिझेल गाड्यांत एक्झॉस्टच्या तापमानाचे सेन्सर शिरले, एकाच गाडीत अनेक. पण ते बसवले धुराच्या फिल्टरसाठी. फिल्टरमध्ये साचलेली काजळी जाळायला सहाशेच्या आसपास तापमान लागतं आणि ते कॉम्प्युटरला कळावं लागतं. ड्रायव्हरला फार तर एक दिवा. काटा अजूनही पाण्याचाच.

सुदैवाने माझी गाडी तो आकडा मागितल्यावर देते. स्टिअरिंगखालच्या सॉकेटला छोटं ब्लूटूथ यंत्र लावायचं आणि ७८ नंबरचा पीआयडी विचारायचा (सोळाच्या पायातला ७८, आकडा आला की दहाने भागून चाळीस वजा). समृद्धी महामार्गावर कारंज्याच्या अलीकडे मला कॅटॅलिस्टच्या पुढचं तापमान मागच्यापेक्षा जास्त दिसलं. आधी वाटलं, माझ्या कोडात बग आहे. बग नव्हता. फिल्टर साफ होत होता. त्यासाठी इंजिन मुद्दाम उशिरा थोडं डिझेल सोडतं आणि ते कॅटॅलिस्टमध्ये जाऊन जळतं.

गेल्या दिवाळीत अकोल्याहून वाशीमला जाताना काका शेजारी बसले होते. पातूरच्या घाटात मी फोन त्यांच्या हातात दिला. एका बाजूला पाण्याचा आकडा, दुसऱ्या बाजूला एक्झॉस्टचा. पाणी ९० वर. एक्झॉस्ट ३१०, ४२०, ५३०, ५८०. पाणी ९०च. काकांनी चष्मा पुसून परत पाहिलं.

"हे पाणी हालूनच नाही राहिलं," ते म्हणाले.

मी म्हटलं, नाही हलत.

मेडशी मागे पडल्यावर ते म्हणाले, "त्याचे दोन महिन्यांचे पैसेही कापले होते मी." मग त्यांनी स्वतःच्या फोनमध्ये मामांचा नंबर शोधायला घेतला. नंबर जुना होता, लागला नाही. मालेगावला चहाला थांबलो तेव्हा ते मामांच्या गावच्या ओळखीच्या माणसाला फोन लावत होते.