अर्धशिशी आणि सुंठीचा लेप

जलंब–खामगाव ही आखूड रेल्वे १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयोच्या हस्ते सुरू झाली, ती कापसासाठी. त्याच कापसाच्या जिनात माझी आजी रेच्यावर, म्हणजे सरकी काढणाऱ्या यंत्रावर, कापूस टाकायची. उपाशीपोटी, चैत्राच्या उन्हातून आलेली, वर यंत्रांचा खडखडाट. अर्धशिशी उठवणारी कारणं आज डॉक्टर सांगतात तीच ही.

उजवं कानशील ठणकू लागलं की ती सहाणेवर सुंठ उगाळून दाट लेप थापायची, डोक्याला फडकं आवळायची. अर्धावभेदकावर, म्हणजे अर्धशिशीवर, आयुर्वेदात नस्य आहे, नाकात औषध सोडण्याचा उपचार. आमच्याकडे नाकात कोमट तुपाचे थेंब. १८९३ ला मुंबईत निघालेलं अमृतांजन पुढे घरात आलं, तरी सुंठ सुटली नाही. माझ्या मते खरा उतारा अंधाऱ्या खोलीतल्या झोपेचा. तीच तिला मिळत नसे. खाडा झाला की रोजी बुडायची.