फुंकरीने हलणारे चित्र



एका बारीक नळीत फुंकर घालावी आणि संगणकाच्या पडद्यावरील वर्तुळ फुग्यासारखे मोठे व्हावे. फुंकर थांबताच ते आकसावे. हा खेळ जादूचा वाटतो. परंतु त्यामागे पावणेचारशे वर्षांहून अधिक काळाची ज्ञानसाधना उभी आहे.

आपण सारे हवेच्या समुद्राच्या तळाशी राहतो, हा विचार इटलीच्या टॉरिसेली यांनी १६४४ साली एका पत्रात मांडला. हवेचा दाब सुमारे ७६ सेंटिमीटर उंचीचा पाऱ्याचा स्तंभ तोलून धरतो, हे त्यांच्या प्रयोगाने दिसले. १६४८ साली फ्रान्समध्ये पास्कल यांच्या सांगण्यावरून त्यांचे मेहुणे पेरिए पाऱ्याची नळी घेऊन प्वी द दोम पर्वतावर चढले. वर जाताच पारा उतरला. उंचीबरोबर हवेचा दाब घटतो, हे सिद्ध झाले.

पण यंत्राला पारा कळत नाही. त्याला विजेची भाषा हवी. तार ताणली की तिचा विद्युतरोध बदलतो, हे १८५६ साली विल्यम टॉमसन, म्हणजेच पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांनी दाखविले. सिलिकॉन व जर्मेनियममध्ये हा बदल कितीतरी पटींनी अधिक असतो, असे अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत चार्ल्स स्मिथ यांना १९५४ साली आढळले. त्यातूनच सिलिकॉनच्या पातळ पापुद्र्याचे दाब-संवेदक घडले. फुंकरीने पापुद्रा किंचित वाकतो, रोध बदलतो आणि व्होल्टेजही बदलते.

हे व्होल्टेज वाचणारा मायक्रोकंट्रोलर म्हणजे एका चकतीवरचा छोटा संगणक. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा टीएमएस १००० हा १९७४ साली बाजारात आला. पुढे २००५ साली इटलीतील इव्रेआ येथे विद्यार्थ्यांसाठी 'आर्डुइनो' हा स्वस्त बोर्ड तयार झाला. त्याची रचना सर्वांना खुली ठेवण्यात आली. त्याचा 'उनो' हा बोर्ड शून्य ते पाच व्होल्टचे ० ते १०२३ असे आकडे करतो. हा आकडा तारेने संगणकाकडे जातो. तेथील प्रोग्रॅम त्यालाच वर्तुळाची त्रिज्या मानून चित्र काढतो. आकडा वाढला, वर्तुळ वाढले. इतके हे सोपे आहे!

मग हा केवळ खेळ आहे काय? नाही. १९६० च्या सुमारास इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल रुग्णालयातील हातपाय लुळे पडलेल्या रुग्णांसाठी रेग मेलिंग यांनी 'पॉसम' नावाचे यंत्र बनविले. नळीत फुंकून वा ओढून रुग्ण घंटा वाजवू लागले, टंकलेखन करू लागले. ज्यांच्यापाशी श्वासाखेरीज काही उरले नव्हते, त्यांना त्या श्वासाने वाचा दिली. 'पॉसम' या लॅटिन शब्दाचा अर्थच मुळी 'मी करू शकतो' असा आहे.

पालकहो, मुलाने जुने खेळणे उघडून आत डोकावले, तर त्याला रागावू नका. आणि विद्यार्थी मित्रहो, पडद्यावरचे चित्र नुसते पाहत बसू नका. ते हलते कसे, हे विचारा. यंत्र वापरणारे पुष्कळ आहेत, ते जाणणारे थोडे. त्या थोड्यांत तुमची गणना व्हावी.