हात मोकळे करणारी होडी : इनुइटांच्या कयाकपासून गंगापूरच्या जलाशयापर्यंत

१/ नाशिक हा धरणांचा जिल्हा. दारणा धरण १९१६ साली पूर्ण झाले, गंगापूर १९६५ साली, गिरणा १९६९ साली. या जलाशयांवर एकट्याने मासे धरणाऱ्या माणसाची अडचण फार जुनी आहे. हात दोनच, त्यांनी होडी वल्हवायची की जाळे सांभाळायचे? आज परदेशी बाजारात पायडलवर चालणाऱ्या आणि विजेची मोटर अंगातच बसवलेल्या मासेमारी कयाक आल्या आहेत. त्या याच प्रश्नाचे सर्वांत नवे उत्तर आहेत. त्या उत्तराचा हा इतिहास. #थ्रेड

२/ आरंभ आर्क्टिकमध्ये होतो. ग्रीनलंड आणि उत्तर कॅनडाच्या किनाऱ्यांवरील इनुइट लोक वाहून आलेल्या लाकडाचा किंवा हाडांचा सांगाडा बांधून त्यावर सीलचे कातडे ताणून बसवीत. ही त्यांची ‘कयाक’, म्हणजे शिकाऱ्याची नाव. ती अरुंद, हलकी आणि जवळजवळ निःशब्द. वल्हे एकच, पण त्याला दोन्ही टोकांना पाती. सावज जवळ येताच शिकारी वल्हे एका हाताने आवरी आणि दुसऱ्या हाताने भाला फेकी. त्या काही क्षणांपुरता एक हात मोकळा करणे, एवढीच सवलत या नावेने दिली होती.

३/ याच अडचणीवर म्यानमारमधील इनले सरोवराच्या इन्था मासेमारांनी निराळा मार्ग काढला. ते नावेच्या टोकावर एका पायावर उभे राहतात, दुसरा पाय वल्ह्याभोवती गुंडाळतात आणि पायानेच वल्हवतात. उभे राहिल्यामुळे पाणवनस्पतींच्या पलीकडचे दिसते आणि जाळ्यासाठी हात मोकळे राहतात. यंत्र नाही, चाक नाही. केवळ शरीराची नवी मांडणी.

४/ पायाने नाव चालवण्याची कल्पना चीनमध्येही जुनी आहे. तेथे माणसे पावट्या तुडवून बाजूची पाणचाके फिरवीत. ११६१ साली यांगत्से नदीवर त्साइशी येथे जिन सैन्याविरुद्ध झालेल्या लढाईत सोंग राजवटीने अशा चाकांच्या युद्धनौका वापरल्या. म्हणजे पायाची ताकद हाताहून मोठी आहे हे ज्ञान आठशे वर्षांहून जुने आहे. ते एकट्या मासेमाराच्या लहान होडीपर्यंत पोहोचण्यास मात्र विसावे शतक संपत यावे लागले.

५/ पायाचे बळ किती उपयोगी पडते, हे नाशिककरांनी एका घरच्या उदाहरणात पाहिले आहे. चांदवड तालुक्यातील तळेगाव रोही या अवर्षणग्रस्त गावचे दत्तू भोकनळ सैन्यात गेले, तेथे नौकानयन शिकले आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी स्कल्स प्रकारात तेराव्या स्थानी आले. २०१८ च्या जकार्ता आशियाई क्रीडा स्पर्धेत चौघांच्या भारतीय संघासह त्यांनी सुवर्णपदक मिळवले. या नावेत बैठक रुळांवर पुढे-मागे सरकते. त्यामुळे प्रत्येक फटकाऱ्यात मोठा वाटा मांड्यांचा असतो.

६/ पण शर्यतीची ती रचना मासेमाराच्या उपयोगाची नाही. तेथे दोन्ही हात वल्ह्यांत अडकलेले असतात आणि तोंड प्रवासाच्या उलट दिशेला असते. मासेमाराला पुढचे पाणी दिसले पाहिजे, हातात गळ किंवा जाळे असले पाहिजे, आणि वारा ढकलत असतानाही नाव जागेवर राहिली पाहिजे. पाय कामाला लावणे पुरेसे नव्हते. हातांना सोडवणेही आवश्यक होते.

७/ यंत्राच्या बाजूने पाहता विजेची मोटर पेट्रोलच्या आधी आली, हे अनेकांना आश्चर्याचे वाटेल. १८८१ साली फ्रेंच संशोधक गुस्ताव त्रूव्हे यांनी पॅरिसमध्ये सीन नदीवर एक होडी विजेच्या मोटरवर चालवून दाखवली. ती मोटर होडीपासून वेगळी काढता येत असे. कल्पना पूर्ण होती. आड आले ते विजेच्या साठ्याचे वजन. त्या काळच्या बॅटऱ्या जड होत्या आणि लवकर संपत.

८/ ती पोकळी पेट्रोलने भरली. नॉर्वेत जन्मलेले आणि अमेरिकेत मिलवॉकी येथे स्थायिक झालेले ओले एव्हिनरूड यांनी १९०९ साली होडीच्या मागे टांगायचे इंजिन व्यापारी पातळीवर बनवण्यास आरंभ केला. उन्हाळ्याच्या दिवशी प्रेयसीसाठी आइस्क्रीम आणायला त्यांनी तळे वल्हवून पार केले आणि ते वितळताना पाहून ही कल्पना सुचली, अशी आख्यायिका सांगतात. इंजिनाने अंतर जिंकले. पण त्याचा आवाज, धूर आणि तेलाचा तवंगही पाण्यावर आला.

९/ मासे धरण्यासाठी वेगापेक्षा संथपणा अधिक लागतो. १९३४ साली अमेरिकेत ओ. जी. श्मिट यांनी गळाच्या मासेमारीसाठी लहान विजेची मोटर तयार केली. नॉर्थ डकोटातील फार्गो हे गाव मिनेसोटाच्या सीमेवर असल्याने तिला दोन्ही राज्यांच्या नावांतून ‘मिन कोटा’ असे नाव मिळाले. आमिष पाण्यातून सावकाश ओढत नेण्याला इंग्रजीत ट्रोलिंग म्हणतात. म्हणून ही ‘ट्रोलिंग मोटर’.

१०/ दरम्यान कयाकही बदलत होती. १९७१ साली कॅलिफोर्नियात टिम नीमियर यांनी आत शिरून बसण्याऐवजी वर बसायची कयाक बनवली. उलटली तरी तीत पाणी भरत नाही आणि पुन्हा चढून बसता येते. पुढे साच्यात प्लॅस्टिक वितळवून अखंड सांगाडा घडवण्याचे तंत्र आले. सीलच्या कातड्याची जागा पॉलिथिलीनने घेतली आणि गळाने मासे धरणारे हौशी लोक या नावेकडे वळले.

११/ निर्णायक वळण १९९७ साली आले. होबी या अमेरिकी कंपनीने ‘मिराज ड्राइव्ह’ बाजारात आणली. बसल्या जागी पायडल आळीपाळीने पुढे ढकलले की नावेच्या पोटाखाली दोन लवचीक पंख आडवे हलतात, पेंग्विन पाण्यात पंख मारतो तसे. वल्हे बाजूला ठेवता येते. इतर उत्पादकांनी सायकलसारखे गोल फिरणारे पायडल आणि त्यावर चालणारा पंखा बसवला. त्यात पायडल उलटे फिरवले की नाव मागे जाते. आता दोन्ही हात खरोखरच मोकळे झाले.

१२/ त्यानंतर मोटर आली. २०२० साली ओल्ड टाउन या कंपनीने मिन कोटाची मोटर अंगातच बसवलेली कयाक विक्रीस काढली. उपग्रहावरून स्वतःचे स्थान ओळखून ती वाऱ्यातही नावेला एका जागी धरून ठेवते; नांगर टाकावा लागत नाही. २०२३ साली याच कंपनीने पायडल आणि विजेची मोटर एकाच यंत्रणेत जोडली. विजेवरच्या सायकलप्रमाणे पायाला मोटरचा हात लागतो, किंवा मोटर एकटीच नाव चालवते.

१३/ थोडे गणित. सामान्य माणूस तासन्‌तास पायडल मारताना साधारण ७५ ते १०० वॉट शक्ती देतो. १२ व्होल्टची मोठी ट्रोलिंग मोटर पूर्ण वेगात सुमारे ५० अँपिअर ओढते, म्हणजे ६०० वॉट. १०० अँपिअर-तासांची बॅटरी या वेगाने दोन तासांत रिकामी होते; वेग कमी ठेवला तर कितीतरी अधिक टिकते. त्रूव्हेंना नडलेला वजनाचा प्रश्न लिथियम बॅटरीने बराच हलका केला आहे. बॅटरी संपली तरी पाय उरतात, हा या जोडरचनेचा खरा लाभ.

१४/ आता नाशिककडे. वरच्या खोऱ्यात गोदावरी ही कातळातून वाहणारी, पावसाळ्यात फुगणारी आणि उन्हाळ्यात डोहांपुरती उरणारी नदी. येथील मासेमारी मुख्यतः काठावरची आणि डोहांतली. फेकजाळे, गळ आणि उथळ पाण्यातले पाय यांवर चालणारी. मासेमारी करणाऱ्या भोई समाजाचा दुसरा परंपरागत व्यवसाय पालखी वाहण्याचा. १८६५ साली थळ घाटातून रेल्वे सुरू झाली, सडका वाढल्या आणि खांद्यावरचे ते काम हळूहळू संपले. यंत्राने घेतलेले हे पहिले काम. पाणी तेवढे उरले.

१५/ मग धरणांनी पाण्याचे रूपच पालटले. डोहांच्या जागी मैलभर पसरलेले, खोल आणि वाऱ्याला उघडे जलाशय आले. काठावरून फेकलेले जाळे तेथे अपुरे पडते, नाव लागते. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी यांनी संप्रेरक देऊन कार्प माशांचे प्रजनन घडवून आणले. तेव्हापासून कटला, रोहू, मृगळ यांचे बीज मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागले आणि जलाशयांत सोडले जाऊ लागले. महाराष्ट्रात असे जलाशय मत्स्यव्यवसाय विभाग मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने देतो.

१६/ पाणी बदलले, मासा बदलला, व्यवस्था बदलली. साधन मात्र फारसे बदलले नाही. महाराष्ट्रातील अनेक जलाशयांवर आजही थर्माकोलचा तराफा, हवा भरलेली टायरची ट्यूब किंवा लहान होडी वापरली जाते. तराफ्यावर बसून हाताने पाणी मारत जाळ्यापर्यंत जायचे आणि त्याच हातांनी जाळे ओढायचे. जोराचा वारा सुटला की परतीची वाट अवघड. इनुइट शिकाऱ्याची कयाक निदान घट्ट बांधणीची होती.

१७/ यंत्र आल्यावर काय होते, याचा धडा महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर आहे. स्वातंत्र्यानंतर सरकारी कर्ज आणि अनुदानातून कोळ्यांच्या नावांवर इंजिने बसली. पालघर जिल्ह्यातील सातपाटी त्यात आघाडीवर होते. शिडावरचे अवलंबित्व संपले, दूरचे पाणी हाती आले. पण पाठोपाठ मोठे ट्रॉलर आले आणि किनाऱ्यालगत लहान जाळी टाकणाऱ्यांच्या पोटावर पाय आला. या संघर्षानंतर १९८१ चा सागरी मासेमारी नियमन अधिनियम झाला आणि कोणी कोठे मासे धरावेत याला कायद्याची चौकट मिळाली.

१८/ यंत्र जाळे ओढणाऱ्याच्या मालकीचे होते तोवर त्याने श्रम वाचवले. भांडवलवाल्याच्या मालकीचे झाले तेव्हा त्याने मासाच उचलून नेला. जलाशयांच्या बाबतीत हा फरक आधीच लक्षात घेण्याची संधी आहे, कारण येथे पाणी बंदिस्त आहे आणि ठेका कोणाला द्यायचा हे ठरवता येते.

१९/ नाशिकला आणखी दोन कारणांनी हा विषय जवळचा आहे. गंगापूरचे पाणी शहर पिते. तेथे पेट्रोलचा तवंग परवडणारा नाही. आणि गोदावरी-कादवा संगमावरील नांदूर मध्यमेश्वर ही महाराष्ट्रातील पहिली रामसर पाणथळ जागा. तिची ही नोंद जानेवारी २०२० मध्ये जाहीर झाली. पक्ष्यांच्या अशा पाण्यावर इंजिनाचा आवाज नको. पायडल आणि विजेची मोटर या दोन्ही अटींत बसतात. गोदावरीतील जलपर्णी मात्र पंख्यात गुंतते; परदेशी यंत्र जसेच्या तसे येथे चालेलच असे नाही.

२०/ विजेवरची नाव भारतात नवलाईची राहिलेली नाही. केरळमध्ये वैकम ते तवणक्कडव या जलमार्गावर २०१७ सालापासून ‘आदित्य’ ही सौरऊर्जेवरची प्रवासी नौका धावते आहे. लहान मासेमार होडीसाठी लागणारी मोटर, बॅटरी आणि सौरपट्टी हे तिन्ही घटक आपल्या बाजारात मिळतात. तयार परदेशी कयाक मात्र काही लाखांची, मुख्यतः हौशी गळकऱ्यासाठी आखलेली. जाळे, बर्फ आणि वीस किलो मासे घेऊन परतणाऱ्यासाठी नव्हे.

२१/ म्हणून येथे आणायची ती वस्तू नव्हे, तिच्यातली कल्पना. रुंद बुडाची, स्थिर, फायबरची होडी; सायकलच्या सुट्या भागांतून दुरुस्त होणारे पायडल; परतीच्या वाऱ्यासाठी लहान मोटर; आणि ते सारे मच्छीमार संस्थेच्या मालकीचे. सायकल दुरुस्त करणारा कारागीर प्रत्येक तालुक्याच्या गावी सापडतो. इन्था मासेमाराने तर केवळ वल्हे पायाला गुंडाळून हे साधले होते.

२२/ हात मोकळे करण्याचा हा शोध मुळात पोटासाठी मासे धरणाऱ्यांनी सुरू केला: आर्क्टिकच्या शिकाऱ्याने, इनलेच्या मासेमाराने. विसाव्या शतकात तो हौसेच्या बाजारात गेला आणि तेथे त्याला पैसा व अभियांत्रिकी मिळाली. दारणा, गंगापूर आणि गिरणेच्या पाण्यावर तराफ्याने जाणाऱ्या माणसापर्यंत तो परत पोहोचला, तर जाळे दोन्ही हातांनी ओढता येईल आणि वारा सुटल्यावर घरी येता येईल. (समाप्त)