चमचाभर ‘अ’

लसीकरणाच्या दिवशी ‘अ’ जीवनसत्त्वाची बाटली उघडली की एखादी पोटुशी हमखास म्हणायची, “नर्सबाई, मलाबी द्या की चमचाभर. दिवेलागणीला काय दिसत न्हाई.” त्या औषधाच्या एका मिलीत १ लाख युनिट. वर्षावरच्या मुलाला सहा महिन्यांतून एकदा दोन मिली. तिला मात्र थेंबही नाही.

हा नकार कुठून आला, ते पाहायला टेक्सासात जावं लागतं. तिथल्या कृषी प्रयोग केंद्रात फ्रेड हेल यांनी एका डुकरिणीला गाभण राहण्याआधीपासून ‘अ’ नसलेल्या खुराकावर ठेवलं. १९३२ साली ती व्याली. पिलं अकरा, आणि एकाच्याही खोबणीत डोळा नाही! व्यंग म्हणजे आनुवंशिक दोष, हा तेव्हाचा पक्का समज. (आपल्याकडे ग्रहणात विळी हाती धरली म्हणून पोराचा ओठ फाटला, असं सुनेला ऐकवत.) हेलनी अशा डुकरिणींना पुरेसं ‘अ’ दिलं, तर पिलं धड निपजली. दोष रक्तात नव्हता, खुराकात होता.

मग सगळ्यांनी उणिवेचीच धास्ती घेतली. १९५३ साली अमेरिकेतच सिडनी कोहलन यांनी गाभण उंदरिणींना ‘अ’चा भडिमार केला, तेव्हा कवटी न मिटलेली पिलं जन्मली. तरी माणसांपर्यंत ही गोष्ट पोचायला मुरुमांवरचं औषध यावं लागलं. ‘अ’च्याच कुळातलं आयसोट्रेटिनॉइन १९८२ साली अमेरिकेत बाजारात आलं आणि वर्षभरात व्यंग असलेल्या बाळांच्या नोंदी येऊ लागल्या. १९९० साली ब्रिटनने गर्भवतींना कलेजी खाऊ नका, असं बजावलं. जनावरांच्या खाद्यातच ‘अ’ मिसळल्याने कलेजीतला साठा फार वाढला होता. १९९५ साली केनेथ रोथमन यांच्या पाहणीने गोळ्यांतून रोज १०,००० युनिटच्या वर जाणाऱ्या गर्भवतींबाबत धोक्याची घंटा वाजवली.

आमच्या गावात कलेजीची बंदी सांगायची कुणाला? बोकड कापला तरी कलेजी आधी पुरुषांच्या पानात, मग पोरांच्या. सुनेच्या वाट्याला रस्सा. रातांधळेपणावर बोकडाचं काळीज सुश्रुतसंहितेतही आहे, पण ते तिच्या ताटापर्यंत पोचलं तर ना! मी तिला डॉक्टरांकडे धाडायची आणि शेवग्याचा पाला, लाल भोपळा, राजगिऱ्याची भाजी खायला सांगायची. भाजीतल्या कॅरोटिनमधून शरीर लागेल तेवढंच ‘अ’ करतं, त्याची ती भीती नाही.

बाईच्या रातांधळेपणाकडे नीट पाहिलं ते नेपाळच्या सर्लाहीत. तिथे आठवड्याला ‘अ’चा छोटा डोस दिल्यावर मातामृत्यू घटल्याचं १९९९ साली प्रसिद्ध झालं. पुढे घाना आणि बांगलादेशात तसा फरक दिसला नाही. आता जागतिक आरोग्य संघटना, जिथे ‘अ’ची उणीव फार आहे तिथेच गर्भवतीला ‘अ’ द्या म्हणते, तेही दिवसाला १०,००० किंवा आठवड्याला २५,००० युनिटपर्यंतच.