घटनाक्रम निश्चिती (कार्यालयीन चौकशी)

कार्यालयीन चौकशीतील घटनाक्रम निश्चिती म्हणजे अपघात, गैरवर्तन किंवा छळाच्या तक्रारीत काय केव्हा व कोणत्या क्रमाने घडले, हे साक्षीदारांच्या जबाबांवरून ठरवणे होय.

घड्याळातील नेमकी वेळ साक्षीदाराला क्वचितच आठवते. ‘जेवणाच्या सुट्टीनंतर’, ‘पाळी बदलण्याआधी’ अशा खुणा मात्र बहुधा लक्षात राहतात. म्हणून आधी साक्षीदाराचे निवेदन मध्ये न अडवता ऐकले जाते व वेळेविषयीचे प्रश्न नंतर विचारले जातात. प्रश्नातील शब्दही आठवणीवर परिणाम करतात. एलिझाबेथ लॉफ्टस व जॉन पामर यांच्या १९७४ च्या प्रयोगात अपघाताच्या त्याच चित्रफिती पाहूनही, मोटारी ‘जोरात आदळल्या’ असे शब्द ऐकणाऱ्यांनी ‘एकमेकींना लागल्या’ हे शब्द ऐकणाऱ्यांपेक्षा अधिक वेग सांगितला. जबाब प्रत्येकाचे स्वतंत्रपणे घेऊन हजेरीपट, प्रवेशद्वारावरील नोंदवही यांच्याशी पडताळतात. कॅमेऱ्याचे घड्याळ मागेपुढे असू शकते, याकडे बरेचदा दुर्लक्ष होते.

भारतात महिलांच्या लैंगिक छळाविषयीच्या २०१३ च्या अधिनियमानुसार तक्रार घटनेपासून, आणि घटनांची मालिका असल्यास शेवटच्या घटनेपासून, ३ महिन्यांत करावी लागते. त्यामुळे शेवटच्या घटनेची तारीख चुकीची नोंदली गेल्यास खरी तक्रारही मुदतबाह्य ठरू शकते. सबळ कारण असल्यास समिती ही मुदत आणखी ३ महिन्यांपर्यंत वाढवू शकते.