टॅपेटचा आवाज : भोकरच्या रस्त्यावरच्या इंजिनांचा इतिहास

विषय जाहीर झाला तेव्हा दोघा-तिघांनी मला आधीच विचारलं, की इतिहासाच्या व्याख्यानात टॅपेट कुठून आला? प्रश्न रास्त आहे. मराठवाड्याच्या दळणवळणाचा इतिहास आपण निझामाची रेल्वे, मग एसटी, मग हायवे अशा टप्प्यांत सांगतो. त्यात गाडी असते, रस्ता असतो, मंत्र्याने कापलेली फीतसुद्धा असते. पण ती गाडी चालू ठेवणारा मिस्तरी नसतो. आज मी त्याच्या बाजूने थोडं बोलणार आहे, आणि तेही इंजिनातल्या एका अगदी बारीक जागेबद्दल. ती जागा कागदाच्या दोन-तीन पानांइतकी जाड असते.

ज्यांना इंजिन माहीत आहे त्यांनी दोन मिनिटं सबुरी धरावी. इंजिनात हवा आत घ्यायला एक व्हॉल्व्ह असतो आणि धूर बाहेर सोडायला दुसरा. ते उघडतो कॅम, म्हणजे फिरणाऱ्या दांड्यावरचा उंचवटा. कॅम आणि व्हॉल्व्ह यांच्यामध्ये जो निरोप्या असतो तो टॅपेट. आता व्हॉल्व्ह तापतो आणि तापला की लांब होतो. हिशेब करून बघा : शंभर मिलिमीटरची पोलादी दांडी तीनशे अंशांनी तापली तर सुमारे एक तृतीयांश मिलिमीटर वाढते. भोवतालचं हेडसुद्धा तापतं, तेही वाढतं, त्यामुळे प्रत्यक्ष फरक यापेक्षा कमी पडतो. पण पडतो. जागा न सोडता सगळं घट्ट बसवलं, तर गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण मिटणारच नाही. म्हणून थंड इंजिनात मुद्दाम थोडी जागा ठेवतात, आणि ती जागा असल्यामुळेच टकटक आवाज येतो. तो टॅपेटचा आवाज.

आता आपल्या भागात या. निझाम राज्याच्या रेल्वे खात्याने जून १९३२ मध्ये सत्तावीस बसगाड्या घेऊन रस्ता वाहतूक सुरू केली. सरकारी बससेवेचा देशातला हा अगदी पहिल्यांपैकी प्रयोग. गाड्या स्कॉटलंडच्या अल्बियन कंपनीच्या. पुढे १९४८ च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान भारतात आलं, १९५६ मध्ये राज्य पुनर्रचनेत मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि इथली बससेवाही तिकडे जोडली गेली. तिकडची एसटी तोवर आठ वर्षांची झाली होती; तिची पहिली गाडी १ जून १९४८ ला पुण्याहून नगरला गेली होती. सुरुवातीच्या त्या एसटीत शेवरोले, फोर्ड, बेडफर्ड, स्टुडबेकर, मॉरिस, अल्बियन, लेलँड असल्या दहा जातींच्या गाड्या होत्या. कल्पना करा, दहा जाती म्हणजे दहा प्रकारची टॅपेट सेटिंग. डेपोतला मेकॅनिक आकडे पाठ करत असणार, दुसरा इलाज नव्हता.

जीपचंही तेच. महिंद्रांनी मुंबईत माझगावला विलीज जीप जोडायला सुरुवात केली. पुढे बरीच वर्षं आपल्याकडच्या जीपमध्ये जे हरिकेन पेट्रोल इंजिन होतं, त्यात इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्ट खाली ब्लॉकमध्ये. म्हणजे एकाच इंजिनात दोन ठिकाणी वाकून टॅपेट मारायचे. इनटेकला अठरा थौ, एक्झॉस्टला सोळा थौ. थौ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. शाळेत दशांश न जमलेली पोरं गॅरेजात थौ तोंडपाठ म्हणायची, ही गंमत आपल्या शिक्षणव्यवस्थेने कधी मनावर घेतली नाही.

पण भोकरचा खरा इतिहास सुरू होतो तो टेम्पोपासून. ‘टेम्पो’ हा शब्द आपण मराठीच समजतो. तो मूळचा हॅम्बुर्गजवळच्या विडाल आणि सोन या जर्मन कंपनीचा छाप. नवलमल फिरोदियांनी १९५८ मध्ये त्यांच्या सहकार्याने बजाज टेम्पो काढली, तीनचाकी हॅन्सीट आली, १९६९ मध्ये मॅटॅडोर आली. मॅटॅडोर तर इतकी रुळली की दुसऱ्या कंपनीच्या व्हॅनलाही लोक मॅटॅडोरच म्हणू लागले. १९८०च्या दशकात कंपनीने डायमलर-बेंझशी करार करून ओएम ६१६ हे डिझेल इंजिन इथे बनवायला घेतलं. तेच ट्रॅक्समध्ये, तेच ट्रॅव्हलरमध्ये. नांदेडहून भोकर, तिथून म्हैसा, निर्मलकडे जाणारा रस्ता ज्यांनी जुन्या काळी काळी-पिवळीत पाठीमागे उलटं बसून पार केलाय, त्यांनी हे इंजिन ऐकलंय. नाव माहीत नसेल, पण ऐकलंय.

हे इंजिन जर्मनीत १९७३ मध्ये मर्सिडीजच्या २४० डी मोटारीत पहिल्यांदा आलं. तिथे ते टॅक्सीचं इंजिन म्हणून गाजलं. चार सिलिंडर, चोवीसशे सीसी, आणि आठ व्हॉल्व्ह, प्रत्येकाच्या माथ्यावर दोन नट एकावर एक. चौदा नंबरचे पाने लावायचे, वरचा धरायचा, खालचा सैल करायचा, मध्ये फिलर गेजची पट्टी सरकवून बघायची. मर्सिडीजच्या पुस्तकात थंड इंजिनाला इनटेक ०.१० मिलिमीटर आणि एक्झॉस्ट ०.३० मिलिमीटर. पट्टी कशी सरकली पाहिजे, हे मात्र पुस्तकात नाही. एका जुन्या मिस्तरींनी मला सांगितलं होतं, “लोण्यातून सुरी जाती तशी नको, अन् ओढावं लागंल अशीबी नको. वहीच्या दोन पानांतून मोरपीस काढल्यासारखी यायला पाहिजे.” मी याहून चांगली व्याख्या कुठल्या मॅन्युअलमध्ये वाचलेली नाही.

आणि त्यांनीच दुसरी गोष्ट सांगितली. ती ऐकून मला हा विषय इतिहासाचा वाटू लागला. ते म्हणाले, “टॅपेट वाजतंय तवर भ्यायचं नाही. वाजायचं बंद झालं की गाडी उभी करायची.”

हे उलटं वाटतं. पण बरोबर आहे. गाडी चालते तसा व्हॉल्व्ह आपल्या बैठकीत हळूहळू खाली घासत जातो. तो जितका बैठकीत रुततो, तितकी त्याची दांडी टॅपेटच्या बाजूला वर येते आणि सोडलेली जागा कमी होते. आवाज कमी होतो. मालक खूश, इंजिन ‘स्मूथ’ झालं म्हणतो. मग एक दिवस जागा संपते, व्हॉल्व्ह नीट मिटत नाही, जळता वायू फटीतून निसटतो आणि व्हॉल्व्हची कड जळते. कॉम्प्रेशन गेलं, सकाळी गाडी ढकलून चालू होईना. ओएम ६१६ च्या काळातल्या मिस्तरीसाठी शांतता हे रोगाचं लक्षण होतं आणि आवाज तब्येतीचं. ही गोष्ट ध्यानात ठेवा, कारण पुढे तीच उलटणार आहे.

आता जरा बाहेरच्या जगात जाऊ. ही जागा हाताने ठेवण्याऐवजी तेलाने आपोआप भरून काढावी, ही कल्पना जुनी आहे. फ्रान्समध्ये आमेदे बोले या मोटारकाराने ती १९१० च्या सुमारास मांडली. अमेरिकेत कॅडिलॅकने १९३० साली सोळा सिलिंडरच्या इंजिनात तेलाच्या दाबावर टॅपेटचा आवाज मारायची सोय केली. तारीख बघा : तिकडे श्रीमंतांच्या कानाला त्रास नको म्हणून हा खटाटोप, आणि दोनच वर्षांनी इकडे निझामाच्या राज्यात सत्तावीस बसगाड्यांवर अख्ख्या संस्थानाची सरकारी बससेवा सुरू होत होती. हायड्रोलिक टॅपेट जन्माला आला तो शांततेच्या हौसेतून. देखभालीची कटकट वाचते हा फायदा नंतर मोठा झाला. फोक्सवॅगनच्या एअरकूल्ड व्हॅनला तो १९७८ च्या अमेरिकी मॉडेलमध्ये मिळाला. मर्सिडीजने १९८३ मध्ये १९० डी साठी ओएम ६०१ हे नवं डिझेल इंजिन काढलं, त्यात तो होताच. म्हणजे आपण ६१६ नुकतं हातात घेतलं होतं, तेव्हा जर्मनी टॅपेट सेटिंग बंद करायला निघाली होती.

यावर काही अभ्यासक लगेच म्हणतात, आपल्याला जुनं तंत्र गळ्यात मारलं. मला हे पटत नाही. हायड्रोलिक टॅपेटच्या पोटात एक छोटा पिस्टन असतो, खाली स्प्रिंग आणि एक गोळीचा व्हॉल्व्ह. कॅम सुटलेला असताना तेल आत येतं आणि जागा भरतं. कॅमने दाबलं की गोळी बसते, तेल अडकतं, आणि तेल दाबता येत नसल्यामुळे सगळं पोलादासारखं घट्ट होतं. पिस्टन आणि बाहेरची डबी यांच्यातली फट काही मायक्रॉनांची. त्या फटीतून थेंबभर तेल झिरपलं पाहिजे, पण जास्त नाही. आता या नाजूक जोडीला आपल्या काळी-पिवळीत टाका. नवाच्या जागी सोळा माणसं, उन्हाळ्यातली धूळ, डिझेलची काजळी, सुटं तेल, आणि ‘अजून एक महिना चालतंय’ म्हणून लांबवलेली ऑइल बदली. दोन नट आणि एक पट्टी यांची दुरुस्ती भोकरच्या झाडाखाली होत होती, आणि गाडी संध्याकाळी पुन्हा भाड्याला लागत होती. माझ्या मते त्या काळी, त्या रस्त्यावर, तेच इंजिन शहाणपणाचं होतं. मारुती व्हॅनचंही तेच, १९८४ ची ती तीन सिलिंडरची ७९६ सीसी गाडी, रॉकरवर स्क्रू आणि लॉकनट.

हायड्रोलिक टॅपेट आपल्या तालुक्यांत खरा पोचला तो २००७ नंतर. फियाटचं १.३ मल्टिजेट डिझेल तेव्हा स्विफ्टमध्ये आलं, पुढे आपल्या रांजणगावलाही बनू लागलं, आणि त्या गाड्या टॅक्सीत शिरल्या. सोळा व्हॉल्व्ह, सगळे हायड्रोलिक. फोर्सनेही मर्सिडीजच्या ओएम ६११ चा परवाना घेतला. २०११ च्या फोर्स वनमध्ये ते आलं, आणि त्याच घराण्यातलं इंजिन मोठ्या ट्रॅव्हलरमध्ये गेलं. ही इंजिनं आता म्हातारी झाली. पहिला मालक पुण्या-मुंबईचा, दुसरा नांदेडचा, तिसरा भोकर-हिमायतनगरचा. तिसऱ्या मालकाच्या हातात ते इंजिन खोललं जातं. इथे खरी अडचण आहे.

मिस्तरीचा कान जुना आहे. टकटक ऐकली की तो म्हणतो, वाजू द्या. पण इथे आवाज म्हणजे डबीत तेल टिकत नाही. सकाळी चालू केल्यावर थोडा वेळ वाजून थांबलं तर काळजी नाही, रात्रभरात तेल उतरलेलं असतं. गरम झाल्यावरही वाजत राहिलं तर तेलाचा दाब, तेलाचा दर्जा, आणि मग टॅपेट, या क्रमाने बघावं लागतं. उलट क्रमाने बघितलं की मालकाच्या सोळा टॅपेटांचे पैसे जातात आणि आवाज तसाच राहतो.

इंजिन खोलताना दुसरी चूक होते ती परातीत. सगळे टॅपेट काढून एकाच परातीत डिझेलमध्ये भिजत घालायचे ही आपली सवय. पण हायड्रोलिक टॅपेटचा प्रत्येक पिस्टन त्याच्याच डबीशी जुळवून घासलेला असतो. अदलाबदल झाली की झिरप बदलते. आणि जुन्या सपाट टॅपेटचा तळ त्याच्याच कॅमच्या उंचवट्याबरोबर घासून बसलेला असतो, तो दुसऱ्याखाली दिला की दोन्ही झिजतात. म्हणून एक-एक काढायचा, खोलायचा, धुवायचा, पुन्हा त्याच घरात. अंड्याच्या ट्रेमध्ये नंबर टाकून ठेवणारा एक पोरगा मी बघितलाय. त्याला कोणी शिकवलं नव्हतं.

तिसरी गोष्ट सगळ्यात महागाची. नवा किंवा भरलेला टॅपेट बसवला की तो ताठ उभा असतो, व्हॉल्व्ह किंचित उघडा धरून. लगेच स्टार्टर मारला तर पिस्टन वर येऊन व्हॉल्व्हला धडकू शकतो. म्हणून फोक्सवॅगनसारख्या कंपन्यांच्या सूचनेत स्पष्ट लिहिलेलं असतं : टॅपेट बसवल्यावर सुमारे अर्धा तास इंजिन चालू करू नका. तेवढ्या वेळात जास्तीचं तेल झिरपून टॅपेट आपली उंची पकडतो. मग हाताने क्रँकचे दोन फेरे पूर्ण फिरवून बघायचे, कुठे अडतंय का. आपल्याकडे भाडं बाहेर उभं असतं, लग्नाची मंडळी खोळंबलेली असतात, तेव्हा हा अर्धा तास थांबणं जड जातं. चहा घ्यायला जा, एवढंच मी सांगेन. आणि रात्रीतून काम संपवून पहाटे गाडी काढायची असेल, तर टॅपेट रात्रीच बसवून टाका.

मागच्या आठवड्यात एका श्रोत्याने कळवलं होतं, की त्यांच्या जुन्या ट्रॅक्सला हायड्रोलिक टॅपेट बसवून सेटिंगची कटकट घालवता येईल का. नाही येणार. ६१६ च्या हेडमध्ये तशा टॅपेटला जागा नाही, त्याला लागणारी तेलाची वाट नाही. नवं हेड, नवा कॅम, नवा पंप असं करत गेलं तर दुसरं इंजिनच होईल, आणि आरटीओकडे जायची वेळ येईल. त्यापेक्षा चौदाचे दोन पातळ पाने आणि एक चांगली फिलर गेज घ्या. सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना मिस्तरींना बोलवा, आणि एक्झॉस्टची जागा कमी भरली तर ती कुठल्या सिलिंडरला किती, हे वहीत तारखेसकट लिहून ठेवा. पुढच्या खेपेला तोच सिलिंडर पुन्हा कमी दाखवत असेल, तर हेड काढायची वेळ जवळ आली असं समजा.

आता प्रश्न घेऊ. मागे हात वर दिसतोय, बोला.